बाबांच्या झोपेचा आवाज

"बाई, भुताला वजन असतं का?"

फळ्यावर लिहिता लिहिता विज्ञानाच्या बाईंच्या हातातला खडू मोडला. सगळा वर्ग आधी चिडीचूप झाला आणि मग मागच्या बाकांवर हसण्याचा असा काही स्फोट झाला की शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन बघून गेले. प्रश्न विचारणारी मात्र उभीच होती. कानाच्या पाळ्या लालबुंद, पण हनुवटी वर.

तिला सगळी शाळा कर्णा म्हणायची. प्रार्थनेच्या वेळी माईक बिघडला की तिला पुढे उभं करायचे आणि मग मैदानाच्या टोकाच्या झाडावरचे पक्षीसुद्धा उडायचे. गंमत म्हणजे गेल्या वर्षापर्यंत हा आवाज कुणालाच माहीत नव्हता, तिला स्वतःलाही नाही. हजेरीच्या वेळी ती इतकं हळू "हजर" म्हणायची की दोनदा गैरहजेरी लागली होती. मग खेळांच्या दिवशी तिची मैत्रीण लंबी शर्यतीत मागे पडायला लागली आणि हिच्या तोंडून अशी आरोळी निघाली की पुढची मुलगी दचकून थांबली आणि लंबी पहिली आली. त्या दिवसापासून ती ओरडायची, वाद घालायची, हात वर करून प्रश्न विचारायची. आपल्याला असा आवाज आहे याचा तिला अजून नवा नवा आनंद होता.

आजचा प्रश्न तिचा, पण पैज लंबीची आणि चष्म्याची. चष्मा म्हणजे तिची दुसरी मैत्रीण, जिचा चष्मा तिच्या आधी वर्गात शिरायचा. "भर तासाला विचारून दाखव, तर मानू," असं दोघी म्हणाल्या होत्या, आणि आता दोघी बाकाखाली गेल्या होत्या.

बाईंनी खडूचा तुकडा उचलला. त्यांचा चेहरा असा होता, जणू हा प्रश्न त्यांना रोज शेवटच्या तासाला कुणी ना कुणी विचारतंच.

"कुणाच्या भुताला?"

"माझ्या वाद्यातल्या."

"सुट्टीत ये माझ्याकडे. आता बस. आणि त्या दोघींना वर काढ, गुदमरतील."

*

वाद्याची गोष्ट सांगायची तर आधी घराची सांगायला हवी.

घरात कर्णा नव्हतीच. घरात एक मुलगी होती, जी चवड्यांवर चालायची आणि शिंक आली की उशीत तोंड खुपसायची. बाबा वर्तमानपत्राच्या छापखान्यात रात्रपाळीला होते. लोक सकाळी चहाबरोबर जे वाचतात ते रात्रभर छापायचं, पहाटे शाईचे हात रॉकेलने धुवायचे आणि उन्हं वर आली की घरी येऊन झोपायचं. आई औषधांच्या दुकानात दिवसभर उभी असायची. ती निघायची तेव्हा बाबा आलेले असायचे आणि ती परत यायची तेव्हा बाबांची निघायची तयारी चालू असायची. मधल्या वेळात घर झोपलेलं असायचं आणि शाळेतून आलेली मुलगी त्या झोपेची राखण करायची.

राखण म्हणजे किती! खुर्च्यांच्या पायांना जुन्या स्वेटरचे तुकडे शिवलेले होते. नळाला दोरी बांधलेली, म्हणजे थेंब दोरीवरून गुपचूप खाली उतरावेत. दारावरची घंटा कधीच काढून टाकली होती. कपाटाच्या बिजागऱ्यांना आई दर आठवड्याला तेल घालायची, स्वतःच्या केसांना घालायला तिला वेळ नसला तरी. बाकीची मुलं आधी आई म्हणतात, मग बाबा म्हणतात. ही दुसरा शब्द शिकली तो "हळू", असं आई सांगायची, आणि तेही हळूच सांगायची.

अशा घरात एखाद्या मुलीला काहीतरी वाजवावंसं वाटलं तर तिने काय करायचं? ढोल नको, बासरी नको, शिट्टीसुद्धा नको. मग शाळेच्या संगणकावर तिला एक बाई दिसली. समोर एक पेटी, पेटीतून वर आलेला दांडा, आणि बाईचे दोन्ही हात हवेत. कशालाच हात न लावता ती बाई असं काही वाजवत होती की दूर कुणीतरी गातंय असं वाटावं. हात दांड्याजवळ नेला की सूर वर चढायचा, लांब नेला की उतरायचा. कर्णा खुर्चीतून उठलीच. हात न लावता वाजणारं वाद्य, आणि आवाज काढायचा तो इअरफोनमधून. म्हणजे घरात कुणालाच ऐकू जाणार नाही! हे वाद्य जणू तिच्या घरासाठीच बनवलेलं होतं, फक्त ते तिलाच बनवावं लागणार होतं.

उन्हाळ्याची सगळी सुट्टी त्यात गेली. सर्किटचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात ती पहिल्यांदा गेली तेव्हा दुकानदार काकांनी विचारलं, "तुला काय हवंय ते तुला माहीत आहे का?"

"नाही."

"मग बरोबर ठिकाणी आलीस. मलाही माझ्याकडे काय काय आहे ते माहीत नाही."

जुन्या रेडिओची एरियल दांडा म्हणून घेतली. नळाच्या प्लास्टिक पाईपवर तांब्याची बारीक तार गुंडाळून वेटोळं केलं. गुंडाळताना वेढे मोजायचे होते आणि प्रत्येक वेळी मध्येच कुणीतरी खिडकीखालून ओरडायचं, की ही चुकायची आणि सगळं उलगडून पुन्हा सुरू. डाव्या हातासाठी तांब्याच्या नळीचं कडं, आवाज लहानमोठा करायला. पेटी म्हणून बिस्किटांचा रिकामा डबा. तारा जोडायला कथलाचे डाग द्यायची कामं गॅलरीत, कारण त्याच्या धुराने बाबांना खोकला येईल. बोटं भाजली, तिने ओठ चावला, पण हूं केलं नाही.

आत काय चालतं ते तिला आता तोंडपाठ होतं. डब्यात दोन सूर असतात, दोन्ही इतके उंच की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाहीत. एक जागचा हलत नाही. दुसरा दांड्याला जोडलेला असतो आणि दांड्याजवळ माणसाचं शरीर आलं की तो ढळतो, कारण शरीरात थोडी वीज मावते. दोघांमध्ये जेवढा फरक पडतो, तेवढाच आपल्याला ऐकू येतो. हात लांब असला की दोघं एकसारखे, म्हणजे कानात शांतता.

गॅलरीत ते छान चालायचं. पण उन्हाने वेटोळं तापलं की सूर घसरायचा, म्हणून तिने वाद्य आतल्या टेबलावर आणलं. टेबल मधल्या प्लायवूडच्या भिंतीला टेकून होतं. भिंतीच्या या बाजूला तिचं जग आणि पलीकडे बाबांची झोपायची खोली.

आणि त्या दिवसापासून डब्यात भूत शिरलं.

दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बसली तरी कानात गुरगुर सुरू व्हायची. सूर आपोआप चढायचा, थरथरायचा, घरंगळत खाली यायचा, पुन्हा चढायचा. तिने सगळे डाग नव्याने दिले. तार बदलली. डबा बदलला. पुन्हा सगळे डाग दिले. रोज दुपारी तेच. डोळ्यांखाली काळं आलं, गृहपाठ राहायला लागले, इतिहासाच्या तासाला ती बसल्या बसल्या पेंगायला लागली. एवढ्या हौसेने बनवलेल्या वस्तूचा एवढा शीण येऊ शकतो हे तिला माहीत नव्हतं. शाळेत मात्र ती हात नाचवत भुताचे किस्से सांगायची आणि मैत्रिणी पोट धरून हसायच्या. पैज त्यातूनच निघाली.

*

शिक्षकांच्या खोलीत बाई एकट्याच होत्या. चपला काढून त्यांनी सुजलेले पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवले होते. समोर वह्यांचा ढीग आणि साय धरलेला चहा.

"बोल. भूत कधी येतं?"

"दुपारी. मी शाळेतून गेले की लगेच."

"शिस्तीचं दिसतंय. बरं, तुझा हात दांड्याजवळ गेला की सूर का चढतो?"

तिने धडाधडा सांगितलं.

"मग तो दांडा हाताला नावगाव विचारतो का? तुझाच हात पाहिजे असं आहे का? दुसऱ्या कुणाचा चालेल. पाय चालेल. मांजर चालेल. दांडा कशाला टेकून आहे?"

"भिंतीला. प्लायवूडची आहे."

"तिला तो कशाला जुमानतोय. भिंतीपलीकडे काय आहे?"

"बाबांची खाट. लोखंडी. भिंतीला चिकटूनच आहे."

"म्हणजे आख्खी खाटच तुझ्या दांड्याची शेजारीण झाली की गं. आणि खाटेवर?"

"बाबा. पण ते झोपलेले असतात, बाई. त्यांची झोप इतकी गाढ आहे की..."

आणि तिथेच ती अडखळली. गाढ झोप आहे हे तिला कसं माहीत? दुपारी ते दार उघडायचं नाही, हा घरातला पहिला नियम. बाबांना झोपलेलं तिने शेवटचं कधी पाहिलं होतं? ती लहान होती तेव्हा. त्यानंतर फक्त रोज संध्याकाळी त्यांच्या तोंडून ऐकलं होतं.

बाई डोळे चोळत म्हणाल्या, "झोपलेला माणूस कूस बदलतो. अधूनमधून. पुन्हा निपचित पडतो. घरी जा आणि नुसती ऐक. वाजवू नकोस."

*

ती घरी गेली आणि नुसती ऐकत बसली.

काय ऐकायचं ते आता कळलं होतं, त्यामुळे सगळं स्पष्ट झालं. सूर हळूच चढला आणि तिथेच थांबला, म्हणजे बाबा भिंतीकडे सरकले. घरंगळला, म्हणजे पाठ फिरवली. एकदम उंच जाऊन थरथरत राहिला, म्हणजे उठून भिंतीला पाठ टेकून बसले असणार. मग खाली. मग पुन्हा वर. इअरफोन काढला की घर असं शांत की दोरीवरून उतरणारा थेंब दिसायचा पण ऐकू यायचा नाही. इअरफोन घातला की पलीकडे एक माणूस तळमळत होता. ती बसून राहिली, ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं, जमिनीवरून दारापाशी गेलं, आणि सूर काही स्थिर होईना.

संध्याकाळी बाबा दार उघडून बाहेर आले, अंगाला आळोखेपिळोखे दिले आणि म्हणाले, "वा! काय झोप लागली आज."

तिला वाटलं, चूक आपलीच असेल. वाद्यच बिनसलेलं असेल. म्हणून तिने सुट्टीच्या दिवसाची वाट पाहिली. बाबा सामान आणायला बाहेर पडले, खाट रिकामी झाली, आणि तिने डबा चालू केला. कानात काहीच नाही. हात पुढे केला, सूर आला. हात मागे घेतला, सूर गेला. कुठे थरथर नाही की गुरगुर नाही. आठवडाभर जे ऐकण्यासाठी ती धडपडत होती ते नितळ वाजणं अखेर हाती आलं, आणि तिला रडू फुटलं.

मग तिने काय करावं? जे त्या घरात वाढलेली मुलगी करेल तेच केलं. तिने आणखी शांतता केली.

बाबांना झोप लागत नाही म्हणजे कुठेतरी काहीतरी वाजतंय, एवढंच तिला सुचलं. तिने भिंतीवरचं घड्याळ काढून कपाटात कपड्यांखाली पुरलं. दाराच्या फटीत चिंध्या कोंबल्या. शाळेतून येताना बूट खालच्या पायरीवरच काढून हातात घ्यायला लागली. दुपारी भूक लागली तरी खाऊच्या डब्याचं झाकण उघडेना. वहीचं पान उलटताना श्वास रोखायची. आईलाही तिने सांगितलं, "सकाळी निघताना बांगड्या रुमालात बांधून ठेवत जा, किणकिणतात." आईने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "किती गं काळजी बापाची." दुसऱ्या दिवसापासून आईचे हात बोडके.

आणि कानातला सूर? तो पहिल्यापेक्षा जास्त हलायला लागला.

अशाच एका दुपारी ती पार थकली. टेबलावर डोकं टेकलं आणि कधी डोळा लागला ते तिलाच कळलं नाही. झोपेत कोपर लागलं, इअरफोनची पिन उपसली गेली. डब्यात एक लहानसा स्पीकर होता, शाळेत वाजवून दाखवायला म्हणून बसवलेला. घरात तो कधी वाजलाच नव्हता. आता तो वाजला.

"ऊंऽऽऽऽईऽऽ!"

ती ताडकन उठली. भिंतीपलीकडे खाट करकरली, तसा आवाज आणखी वर चढला. खाट थांबली, आवाजही थांबला, आहे तिथेच, लोंबकळत. बटण समोर होतं, पण हात पुढे केला तर आवाज वाढेल या भीतीने ती तशीच उभी. पलीकडचाही माणूस तसाच थिजलेला. दोघांच्या मध्ये एक सूर, दोघांपैकी कुणीच श्वास सोडायला तयार नाही.

मग आवाज अगदी सावकाश खाली आला. पुन्हा वर गेला. पुन्हा खाली. पलीकडे कुणीतरी मुद्दाम हात हलवून बघत होतं.

"पोरी," भिंतीतून बाबांचा आवाज आला, "हे मी करतोय का गं?"

"हो."

मग सूर दोनदा वर गेला आणि दोनदा खाली आला, बेंगरूळ, पण तालात. "बरं वाजतंय की," बाबा म्हणाले.

तिने डबा बंद केला आणि जन्मात पहिल्यांदा भर दुपारी ते दार उघडलं.

बाबा खाटेवर मांडी घालून बसले होते. चादर पार चुरगळलेली, पण गालावर उशीचा वळ नाही. डोळे मात्र असे लाल, जणू तिथेही शाई लागली होती.

"तुम्ही झोपतच नाही."

"झोपतो की. अधूनमधून."

"बाबा, मला ऐकू येतं. रोज. तुम्ही कूस कधी बदलता, उठून कधी बसता, सगळं. आज जेवल्यापासून तुम्ही एकदाही स्थिर पडला नाहीत."

बाबांनी भिंतीकडे पाहिलं, जणू ती चहाडखोर निघाली. मग हसले, आणि हसता हसता जांभई आली, मोठी, जबडा दुखेल अशी.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"ते आता आठवत नाही. आधी लागायची. मग कमी कमी होत गेली. तुम्हाला सांगणार होतो, पण तुम्ही दोघी इतकं करता." त्यांनी चादर बाजूला सारली. "हे बघ, रागावू नकोस. छापखान्यात यंत्रं अशी धडधडतात की शेजारचा माणूस ओरडला तरी ऐकू येत नाही. तिथे मला उभ्या उभ्या डुलकी लागते. आणि इथे... तुम्ही इतक्या हळू चालता की मी ऐकत पडतो. आई कडी लावताना पदरात धरते ना, तो पदर ऐकू येतो मला. तू चवड्यांवर येतेस, मग थांबतेस, मग पुन्हा एक पाऊल टाकतेस. मी आपला पुढच्या पावलाची वाट बघत राहतो. हल्ली तर घड्याळही बंद केलंस तू. आता वाट बघायला तेही नाही."

ती जमिनीवर बसली. इतक्या वर्षांचे स्वेटरचे तुकडे, दोऱ्या, चिंध्या, रुमालात बांधलेल्या बांगड्या, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं. किती दमलो आपण, आणि कशासाठी.

मग तिचं लक्ष त्यांच्या बोटाकडे गेलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाला गेल्या आठवड्यापासून पट्टी होती.

"हे कागदाने कापलंय ना?"

बाबांनी हात मांडीखाली घेतला.

"बाबा."

"रोलर पुसत होतो. डोळा मिटला असेल क्षणभर. नुसती चाटून गेली चामडी. शेजारच्याने बटण दाबलं वेळेवर, देव माणूस आहे तो." हे सगळं ते हवापाण्याच्या गप्पा मारल्यासारखं सांगत होते. "आईला सांगायचं नाही."

"का पण? दिवसपाळी मागा ना!"

"मागितली की विचारतात, का. झोप होत नाही म्हटलं की यंत्रावरून काढतील आणि गोदामात कागदाची रिळं राखायला बसवतील. मी मशीनवरचा माणूस आहे गं. आणि तुझी आई... तिला कळलं की मी असाच डोळे उघडे ठेवून पडून असतो, तर तिच्या एवढी वर्षं चपला हातात घेऊन चालण्याचं काय होईल? तिला तेवढं एकच समाधान आहे. नाही सांगणार ना?"

त्यांचा चेहरा इतका थकलेला होता की तिने मान हलवली. नाही सांगणार.

*

आई आली. दारात चपला काढून हातात घेतल्या, आत येऊन कोपऱ्यात ठेवल्या. मग रोजच्यासारखी गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली. या एकाच वेळी तिघं घरात जागे असायचे, आणि तरी तिघं कुजबुजतच बोलायचे, कारण आवाज मोठा कसा करतात ते या घरात कुणाला आठवतच नव्हतं.

"झोप झाली?" आईने विचारलं.

"मस्त. ओंडक्यासारखा पडलो होतो."

आईचा चेहरा सैल झाला. दिवसभर उभं राहून सुजलेले पाय, दुकानातली गिऱ्हाइकांची कटकट, सगळं त्या एका उत्तराने जरा हलकं झालं. मुलीने ते पाहिलं आणि मान खाली घातली. बाबा का सांगत नाहीत ते तिला पटायलाच लागलं होतं.

बाबा शर्टाची बटणं लावत होते. पट्टीच्या बोटामुळे एक बटण दोनदा निसटलं.

"अजून दुखतंय?" आई म्हणाली. "कागद इतका कसा कापतो तुमचा?"

"नवीन माल आहे. कडक."

"बरं, ते फोरमन म्हणत होते ना, सणाच्या अंकांचं काम आहे, दोन पाळ्या लागोपाठ करणार का म्हणून? मी आपली नको म्हणत होते. पण हल्ली झोप चांगली होतेय तर करा की आठवडाभर. तुम्हालाच हौस आहे मशीनची."

"हो," बाबा खाली वाकून बुटाची नाडी बांधत म्हणाले. "आजपासूनच हो म्हणतो."

नाडी बांधता बांधता ते तसेच राहिले. वाकलेले, हातात नाडीची दोन टोकं, आणि हलेनात. आईला वाटलं, गाठ बसत नाहीये. मुलीला दिसलं, डोळे मिटले होते. फार नाही, पापणी एकदा जड व्हावी एवढंच. मग ते दचकले आणि गाठ मारली.

ती उभी राहिली. खुर्ची मागे सरकली, स्वेटरच्या तुकड्यांवर, बिनआवाजाची.

"बाबा झोपत नाहीत, आई!"

शाळेच्या मैदानावरचा आवाज होता तो. बादलीतलं पाणी हललं. आईचा हात आपोआप ओठांवर गेला, शूऽऽ करायला, आणि तिथेच राहिला.

"पोरी," बाबा म्हणाले. "तू मान हलवली होतीस."

"हलवली होती. ती आता परत घेतली. आई, ते दुपारभर तळमळत असतात, मी रोज ऐकते, कसं ते नंतर सांगते. ते बोट कागदाने कापलेलं नाही, ते रोलरमध्ये गेलं होतं, उभ्या उभ्या डोळा लागला म्हणून. त्यांना झोप आपल्यामुळे लागत नाही असं नाही, आणि आपण एवढं जपल्यामुळे लागते असंही नाही. तू रडू नकोस, तुला रडायचं असेल तर मोठ्याने रड." तिचाच आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "मी ठरवलंय. आज बाबा कामाला जाणार नाहीत. मी फोन करून सांगते, आजारी आहेत, आणि ते खोटंही नाही. उद्या मी शाळा बुडवणार. आपण तिघं आधी डॉक्टरांकडे जाणार आणि मग फोरमनकडे, दिवसपाळी मागायला. गोदाम तर गोदाम. तुम्हाला मागायला जड जात असेल तर मी मागेन, तुम्ही नुसते बाजूला उभे राहा. मला रागवा, मारा, काहीही करा. पण हे ठरलं. बाबा, बूट काढा."